तारा गुच्छातला की वाटेवरचा? निजगतीवरून खुल्या तारकागुच्छाचे सदस्य कसे ओळखायचे

रोहिणी नक्षत्राचा शकट पाहिला की त्याच्या टोकावरचा तांबूस, ठसठशीत रोहिणी तारा त्याच घोळक्यातला वाटतो. प्रत्यक्षात त्याचा त्या घोळक्याशी काही संबंध नाही. शकटातले बाकीचे ठळक तारे हायडीज या खुल्या गुच्छाचे आहेत आणि आपल्यापासून सुमारे ४७ पार्सेक, म्हणजे दीडशे प्रकाशवर्षांच्या आसपास आहेत. रोहिणी आहे जेमतेम २० पार्सेकवर. ही अंतरं माहीत नसती तरी ताऱ्यांच्या चालीवरून हे उघड झालंच असतं. हायडीजचे तारे आकाशात वर्षाला साधारण १०० मिलिविकला (मिलिविकला म्हणजे अंशाचा ३६ लाखावा भाग), मुख्यतः पूर्वेकडे सरकतात. रोहिणी वर्षाला १९० मिलिविकलांच्या आसपास दक्षिणेकडे सरकते. गुच्छ आपल्यापासून सेकंदाला सुमारे ३९ किलोमीटर वेगाने दूर जातोय, रोहिणी ५४ किलोमीटरने. एकाच चौकटीत दिसणारे हे तारे वेगवेगळ्या वाटेचे प्रवासी आहेत.

सप्तर्षींची गोष्ट याच्या उलट. सात ठळक ताऱ्यांपैकी पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ हे पाच एकाच दिशेने, एकाच वेगाने चालले आहेत. क्रतू आणि मरीची ही दोन टोकं त्यांच्यात नाहीत. रिचर्ड प्रॉक्टर यांनी १८६९ मध्ये हे दाखवलं, तेही ताऱ्यांच्या सरकण्याच्या नोंदी कागदावर मांडून.

आज हेच काम घरच्या संगणकावर, फुकट मिळणाऱ्या माहितीवर करता येतं. पुढे सगळी पद्धत एकाच उदाहरणावर चालवून दाखवतो. उदाहरण आहे पुष्य नक्षत्रातला गुच्छ, म्हणजे एम ४४ किंवा प्रेसिपी. पहिल्या खेपेला याच्याइतका सोयीचा गुच्छ दुसरा नाही, कारण त्याची चाल पार्श्वभूमीच्या ताऱ्यांपेक्षा ठळकपणे वेगळी आहे.

चालीवर एवढा भरवसा का

खुल्या गुच्छातले तारे एकाच वायुमेघातून जवळजवळ एकाच काळात जन्मतात आणि त्या मेघाची गती सगळ्यांच्या वाट्याला येते. गुच्छाच्या आत ते एकमेकांभोवती घुटमळतात, पण त्या घुटमळण्याचा वेग सेकंदाला एक किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. आकाशगंगेच्या तबकडीतल्या इतर ताऱ्यांच्या वेगांत मात्र सेकंदाला वीस-तीस किलोमीटर किंवा त्याहूनही जास्त फरक असतात. या दोन आकड्यांमधल्या दरीवर सगळी पद्धत उभी आहे.

आपल्याला दिसतं ते कोनीय सरकणं, म्हणजे निजगती. एका अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे विकला आणि तिचा हजारावा भाग म्हणजे मिलिविकला. निजगती मोजतात ती वर्षाला इतक्या मिलिविकला अशी. किलोमीटरमधला वेग काढायला पराशय लागतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा जो इवलासा झुलल्यासारखा दिसतो, त्याचं ते माप. सूत्र असं:

आडवा वेग (किमी प्रतिसेकंद) = ४.७४ × निजगती ÷ पराशय

निजगती आणि पराशय दोन्ही मिलिविकलांत घ्यायचे. प्रेसिपीची निजगती पूर्व-पश्चिम दिशेत सुमारे −३६ आणि उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे −१२.९ आहे. उणे चिन्हाचा अर्थ अनुक्रमे पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे. दोन्ही मिळून ३८.२. पराशय साधारण ५.३७, म्हणजे अंतर १८६ पार्सेक. सूत्रात घातलं की आडवा वेग येतो सेकंदाला सुमारे ३४ किलोमीटर.

आता हेच सूत्र उलटं फिरवा. प्रेसिपीच्या अंतरावर सेकंदाला १ किलोमीटरचा फरक किती निजगतीचा दिसेल? ५.३७ ÷ ४.७४, म्हणजे वर्षाला १.१ मिलिविकला. एम ६७ हा गुच्छ बराच लांब आहे, पराशय १.१५ च्या आसपास, तिथे तोच फरक ०.२४ इतकाच दिसतो. तीन हजार पार्सेकवरच्या गुच्छात ०.०७. हा आकडा काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘निजगती केंद्रापासून दोन मिलिविकलांच्या आत असेल तो सदस्य’ अशी सरसकट मर्यादा बरेच जण सगळ्या गुच्छांना लावतात. प्रेसिपीला ती चालून जाते, एम ६७ मध्ये तिच्यामुळे परक्या ताऱ्यांचा नुसता भरणा होतो. मर्यादा गुच्छाच्या अंतरावरून ठरते.

काय लागेल

माहितीचा स्रोत एकच, युरोपीय अवकाश संस्थेचं गाया यान. ते डिसेंबर २०१३ मध्ये उडालं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याची निरीक्षणं थांबली. जून २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या तिसऱ्या माहितीसंचात, म्हणजे डीआर ३ मध्ये, सुमारे १८० कोटी नोंदी आहेत. त्यांतल्या १४६ कोटींच्या आसपास नोंदींना निजगती आणि पराशय दोन्ही आहेत.

या संचाची अचूकता लक्षात ठेवायला सोपी आहे. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद. प्रत १५ पर्यंतच्या ताऱ्यांच्या निजगतीतली त्रुटी वर्षाला ०.०२ ते ०.०३ मिलिविकला. प्रत १७ ला ०.०७. प्रत २० ला ०.५ आणि त्यापुढे ती झपाट्याने बिघडते. पराशयाच्या त्रुटीही साधारण याच मापाच्या.

सॉफ्टवेअर म्हणून टॉपकॅट पुरेसं आहे. ते फुकट आहे, जावावर चालतं, गायाची माहिती त्यातूनच उतरवता येते आणि आलेखावर हाताने वेढा काढून तारे निवडता येतात. पायथन येत असेल तर उत्तमच, पण पहिला गुच्छ टॉपकॅटमध्येच करा. डोळ्यांनी पाहिलेली आकृती नंतर प्रोग्रामच्या चुका पकडायला उपयोगी पडते.

पहिली पायरी: आभाळाचा तुकडा उतरवणं

केंद्र घ्या विषुवांश १३०.१ अंश, क्रांती +१९.६७ अंश (हे आकाशातले रेखांश-अक्षांश). त्रिज्या ३ अंश. प्रेसिपीच्या अंतरावर ३ अंश म्हणजे सुमारे १० पार्सेक, गुच्छाचा बहुतेक भाग त्यात येतो. प्रतीची मर्यादा सध्या १८.

रकाने हे मागवा: नोंदीचा क्रमांक, विषुवांश, क्रांती, पराशय आणि त्याची त्रुटी, निजगतीचे दोन्ही घटक आणि त्यांच्या त्रुटी, आरयूडब्ल्यूई नावाचा दर्जादर्शक, जी प्रत, निळी आणि तांबडी प्रत, अरीय वेग (आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा) आणि त्याची त्रुटी. पराशयावर इथे कुठलीही चाळणी लावू नका. पार्श्वभूमीचे तारेही आपल्याला लागणार आहेत, त्यांच्याशिवाय गुच्छ किती उठून दिसतो हे कळणार नाही.

एक बारकावा इथेच सांगतो. विषुवांशाच्या दिशेतली निजगती गायाच्या पीएमआरए या रकान्यात क्रांतीच्या कोज्येने आधीच गुणलेली असते. जुन्या काही सूचींमध्ये ती तशी नसते. दोन सूची एकत्र करताना किंवा स्वतः सूत्र लिहिताना पुन्हा एकदा गुणलं, तर २० अंश क्रांतीला आकडा सहा टक्क्यांनी कमी येतो. प्रेसिपीत ही चूक दोन मिलिविकलांहून जास्त भरते, म्हणजे गुच्छाच्या स्वतःच्या पसाऱ्यापेक्षा मोठी.

दुसरी पायरी: भरवशाच्या नोंदी वेगळ्या करणं

आरयूडब्ल्यूई हा आकडा सांगतो की एकट्या, सरळ चालणाऱ्या ताऱ्याचं गणित या नोंदीला किती नीट बसलं. १ च्या आसपास असेल तर छान, १.४ च्या वर गेला तर काहीतरी गडबड. ही गडबड बहुतेक वेळा जोडताऱ्यांची असते. जोडीदाराभोवतीच्या फेरीमुळे ताऱ्याचं प्रकाशबिंब डुलतं आणि ते डुलणं निजगतीत मिसळतं.

म्हणून १.४ च्या वरचे तारे फेकून द्यायचे नाहीत, फक्त बाजूला ठेवायचे. गुच्छाचं केंद्र आणि पसारा ठरवायला स्वच्छ तारे वापरा, मग बाजूला ठेवलेले तारे सैल मर्यादेने तपासा. पहिल्याच फटक्यात ते कायमचे उडवले तर गुच्छातल्या जोडताऱ्यांचा मोठा हिस्सा जातो, आणि पुढे कोणी त्या यादीवरून जोडताऱ्यांचं प्रमाण काढलं तर उत्तर चुकणारच.

तिसरी पायरी: निजगतीची आकृती

आडव्या अक्षावर पीएमआरए, उभ्या अक्षावर पीएमडीईसी, म्हणजे क्रांतीच्या दिशेतली निजगती. प्रत्येक तारा एक बिंदू.

शून्याच्या आसपास पसरलेला मोठा, विस्कळीत ढग दिसेल. ते बहुतेक लांबचे तारे, त्यांची निजगती अंतरामुळेच लहान. त्या ढगापासून दूर, (−३६, −१३) च्या जवळ, एक लहान घट्ट ठिपका. तो प्रेसिपी. याआधी तारे आभाळात एकत्र दिसत होते, आता ते गतीतही एकत्र दिसतात आणि हा दुसरा दाखला जास्त वजनाचा आहे. नुसत्या जागेवरून जॉन मिशेल यांनी १७६७ मध्ये कृत्तिकांबद्दल संभाव्यतेचा हिशेब मांडला होता आणि इतके ठळक तारे योगायोगाने जवळ येणं जवळपास अशक्य असल्याचं दाखवलं होतं. कृत्तिकांना तो युक्तिवाद पुरला. विरळ गुच्छांना पुरत नाही.

आता ठिपका पाहत असतानाच पराशयाची चाळणी लावून बघा. गुच्छाची खोली दोन्ही बाजूंना १० पार्सेक धरली तर तारे १७६ ते १९६ पार्सेकवर असतील, म्हणजे पराशय ५.६८ ते ५.१०. मोजमापाच्या त्रुटीसाठी थोडी जागा सोडून ४.९ ते ५.९ ठेवा. शून्याजवळचा ढग जवळजवळ नाहीसा होतो आणि ठिपका जसाच्या तसा राहतो. मंद ताऱ्यांच्या बाबतीत मात्र ही चाळणी कडक ठरते, कारण त्यांची पराशयाची त्रुटीच मोठी असते. त्याचा बंदोबस्त पाचव्या पायरीत येतो.

चौथी पायरी: केंद्र आणि पसारा

ठिपक्याभोवती हाताने सैल वेढा काढा, साधारण चार मिलिविकला त्रिज्येचा. आतल्या ताऱ्यांच्या निजगतीचा मध्यक काढा. सरासरी घेऊ नका, दोन-चार भरकटलेले तारे तिला ओढून नेतात. पसाऱ्यासाठी १६ व्या आणि ८४ व्या शतमकातल्या अंतराचा अर्धा भाग घ्या. केंद्रापासून तीन पसाऱ्यांच्या बाहेरचे तारे काढा आणि पुन्हा मोजा. तीन-चार फेऱ्यांत आकडे स्थिरावतात. स्थिरावत नसतील तर वेढ्यात गुच्छापेक्षा पार्श्वभूमी जास्त शिरली आहे असं समजा आणि आणखी ठळक ताऱ्यांपासून सुरुवात करा.

मिळालेल्या पसाऱ्यात मोजमापाची त्रुटीही मिसळलेली असते. पसाऱ्याच्या वर्गातून त्रुटीचा वर्ग वजा करून वर्गमूळ घेतलं की गुच्छाचा स्वतःचा पसारा उरतो. प्रेसिपीत तो वर्षाला १ मिलिविकलेच्या आसपास येतो. हा सगळा पसारा अंतर्गत हालचालीचा नसतो. गुच्छाची आपल्याकडची बाजू जवळ असल्यामुळे तिथले तारे जास्त सरकताना दिसतात. पराशय ५.६ असलेल्या सदस्याची निजगती ३८.२ ऐवजी ३९.८ दिसायला हवी. टॉपकॅटमध्ये निजगती भागिले पराशय असा नवा रकाना करून आकृती पुन्हा काढली तर ठळक ताऱ्यांचा ठिपका आणखी आवळला जातो. जवळच्या गुच्छांना ही युक्ती हमखास लागू पडते. लांबच्या गुच्छांना ती अजिबात वापरू नका, तिथे पराशयाची सापेक्ष त्रुटी इतकी मोठी असते की भागाकाराने आवाजच वाढतो.

पाचवी पायरी: एकेका ताऱ्याची तपासणी

आता प्रत्येक ताऱ्याला त्याच्या स्वतःच्या त्रुटीच्या मापाने जोखायचं. प्रत्येक घटकासाठी केंद्रापासूनचा फरक घ्या, त्याचा वर्ग करा आणि त्याला ‘ताऱ्याच्या त्रुटीचा वर्ग अधिक गुच्छाच्या पसाऱ्याचा वर्ग’ याने भागा. दोन निजगती आणि एक पराशय, अशा तीन भागाकारांची बेरीज म्हणजे त्या ताऱ्याचा गुण. तीनही मोजमापं धरून ही बेरीज ११.३ च्या आत असेल तर तारा मर्यादेत. खऱ्या सदस्यांपैकी ९९ टक्के या मर्यादेत यावेत असं गणित आहे. फक्त निजगतीचे दोन घटक वापरले तर मर्यादा ९.२.

हे एका काल्पनिक ताऱ्यावर करून पाहू. प्रत १८, निजगती (−३४.६, −१३.४), त्रुटी दोन्हीकडे ०.१५. प्रेसिपीच्या केंद्रापासून फरक १.४ आणि ०.५. वर्गांची बेरीज १.९६ + ०.२५ = २.२१. छेद: ०.१५ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, म्हणजे १.०२. फक्त निजगतीचा गुण आला २.१६, मर्यादा ९.२. तारा आरामात आत.

आता एवढाच फरक, एवढीच त्रुटी असलेला तारा एम ६७ मध्ये असता तर? त्या गुच्छाचा पसारा ०.२ धरू. छेद होतो ०.०२२५ + ०.०४ = ०.०६२५ आणि गुण येतो ३५. तारा साफ बाहेर. एम ६७ च्या अंतरावर १.५ मिलिविकलांचा फरक म्हणजे सेकंदाला सहा किलोमीटरांचा, आणि इतक्या वेगाने जाणाऱ्या ताऱ्याला धरून ठेवायला गुच्छाचं गुरुत्वाकर्षण पुरत नाही.

याच गणिताने मंद ताऱ्यांचा प्रश्नही सुटतो. पराशयाची त्रुटी मोठी असेल तर छेद मोठा होतो आणि मर्यादा आपोआप सैल पडते. मात्र ती किती सैल पडू द्यायची यालाही मर्यादा हवी. प्रत २० च्या ताऱ्याची त्रुटी इतकी असते की त्याच्या मर्यादेत वाटेवरचे असंख्य तारे बसतात. ‘विसंगत नाही’ आणि ‘सदस्य आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गायाच्या संचात त्रुटींचे परस्परसंबंधही दिलेले असतात. ते धरले तर गणित नेटकं होतं. प्रेसिपीत त्याने फारसा फरक पडत नाही, कारण तिथे गुच्छाचा पसारा त्रुटीपेक्षा मोठा आहे. लांबच्या गुच्छात ते धरायलाच हवेत.

सहावी पायरी: हो किंवा नाही ऐवजी शक्यता

मर्यादा म्हणजे कुठेतरी ओढलेली रेघ. रेघेच्या अलीकडचा तारा सदस्य आणि पलीकडचा परका, असं निसर्गात नसतं. त्यामुळे सदस्यत्वाची शक्यता देण्याची रीत पडली. स्टॅनिस्लाव्हस वासिलेव्हस्किस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये आणि नंतर वॉल्टर सँडर्स यांनी १९७१ मध्ये ती बसवली. कल्पना अशी की निजगतीच्या आकृतीत दोन गर्दी एकमेकींवर पडल्या आहेत, एक गुच्छाची अरुंद आणि दुसरी पार्श्वभूमीची रुंद. कुठल्याही जागी गुच्छाची दाटी भागिले एकूण दाटी, ही त्या जागच्या ताऱ्याची शक्यता.

हे हातानेही करता येतं. समजा ठिपक्याच्या मध्यावर एका चौरस घरात २०० तारे आहेत. ठिपक्यापासून दूर, पण सारख्याच परिस्थितीतल्या तेवढ्याच घरांत सरासरी १० तारे सापडतात. म्हणजे २०० पैकी साधारण १० परके आणि मध्यावरच्या ताऱ्याची शक्यता ९५ टक्के. ठिपक्याच्या काठावरच्या घरात २० तारे आहेत आणि पार्श्वभूमी तीच, १०. तिथे शक्यता ५० टक्के, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. अशा काठावरच्या ताऱ्यावर एखादा मोठा निष्कर्ष उभा करू नये.

ही दाटी प्रतीनुसार वेगवेगळी काढा. ठळक ताऱ्यांत पार्श्वभूमी विरळ असते, मंद ताऱ्यांत दाट. सगळे एकत्र टाकले तर ठळक सदस्यांची शक्यता उगाच कमी आणि मंद परक्यांची उगाच जास्त येते.

सातवी पायरी: रंग-प्रत आकृतीची साक्ष

आतापर्यंत आपण ताऱ्यांचा रंग पाहिलाच नाही. ते मुद्दाम. गतीवरून निवडलेले तारे रंग-प्रत आकृतीवर (आडव्या अक्षावर रंग, उभ्या अक्षावर प्रत) मांडले आणि त्यांची एकच बारीक रेघ उमटली, तर ती स्वतंत्र साक्ष ठरते. आधीच रंगावरून निवडले असते तर रेघ आपणच काढली असती.

प्रेसिपीत निळ्या ठळक ताऱ्यांपासून तांबड्या मंद ताऱ्यांपर्यंत मुख्य अनुक्रमाची स्वच्छ ओळ दिसते. तिच्या वर सुमारे ०.७५ प्रतीवर एक समांतर ओळ असते. ती सारख्या जोडताऱ्यांची, दोन तारे एकात मिसळले की प्रकाश दुप्पट होतो आणि प्रत तेवढी उजळते. या ओळीतले तारे परके म्हणून काढणं ही नवख्याची ठरलेली चूक. वरच्या बाजूला चार-पाच पिवळे-नारिंगी राक्षसी तारे मुख्य ओळीपासून दूर उभे दिसतील, तेही घरचेच. श्वेत बटू मात्र प्रत १८ च्या आसपास असतात, त्यामुळे पहिल्या पायरीतल्या मर्यादेने काही कापले जातात. ते हवे असतील तर मर्यादा १९ पर्यंत वाढवून पुन्हा सुरुवात करा.

ओळीच्या खाली, निळ्या बाजूला विखुरलेले तारे बहुधा पार्श्वभूमीचे असतात. एम ६७ मध्ये मात्र वरच्या निळ्या टोकाला काही विचित्र तारे सापडतात, गुच्छाच्या वयाच्या मानाने फार निळे आणि तेजस्वी. ते ब्लू स्ट्रॅगलर, दुसऱ्या ताऱ्याचं वस्तुमान गिळून किंवा त्याच्यात विलीन होऊन पुन्हा तरुण दिसणारे. रंग जुळत नाही म्हणून ते काढले असते तर गुच्छातली सगळ्यात रंजक मंडळी गेली असती. गतीचा कौल आधी आणि रंगाचा नंतर, हा क्रम त्यासाठीच.

आठवी पायरी: शेजारच्या रिकाम्या आभाळावर तीच पद्धत

बहुतेक लोक ही पायरी वगळतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. गुच्छापासून दहाएक अंश दूर, आकाशगंगेच्या पट्ट्यापासून तेवढ्याच अंतरावर, ३ अंश त्रिज्येचा दुसरा तुकडा उतरवा. तिथे गुच्छ नाही. त्यावर अगदी त्याच चाळण्या, तेच केंद्र, तोच पसारा आणि तीच मर्यादा लावा. जे ‘सदस्य’ मिळतील ते सगळे खोटे. तेवढेच खोटे तुमच्या खऱ्या यादीतही आहेत, असा अंदाज बांधायला हरकत नाही.

प्रतीनुसार ही तुलना केली की मर्यादा कुठे थांबवायची ते आपोआप कळतं. ज्या प्रतीला खोट्यांची संख्या खऱ्यांच्या बरोबरीला येते, त्यापलीकडची यादी देण्यात अर्थ नाही. गुच्छाच्या केंद्रापासून बाहेर जाताना सदस्यांची दाटी कशी घटते तेही पाहा. ती उतरत जाऊन शेजारच्या तुकड्याइतकी झाली की तिथे गुच्छ संपला. प्रेसिपी आणि हायडीज या दोन्ही गुच्छांना आकाशगंगेच्या ओढीने लांबलेल्या शेपट्या आहेत, हे २०१९ मध्ये गायाच्या माहितीतून दिसलं. तेव्हा काठावर दाटी एकदम शून्य झाली नाही तर बिचकू नका.

अरीय वेग मिळाला तर

निजगती आडवी चाल सांगते, तारा आपल्याकडे येतोय की दूर जातोय हे सांगत नाही. ते वर्णपटावरून कळतं. गाया डीआर ३ मध्ये सुमारे ३.३ कोटी ताऱ्यांचे अरीय वेग आहेत, पण ते ठळक ताऱ्यांपुरते. प्रेसिपीचा अरीय वेग सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर. निजगती आणि पराशय जुळणाऱ्या ताऱ्याचा अरीय वेग ३५ च्या जवळ आला तर शंका जवळपास मिटते. ६० आला तर? लगेच काढू नका. त्रुटी किती ते पाहा. मोठी असेल तर तो जवळच्या जोडीतला तारा असू शकतो आणि मोजणीच्या वेळी जोडीदाराभोवती फिरताना तो वेग दिसला असेल. अनेक वेळा मोजून सरासरी वेग लांब पडला, तर मग बाहेर.

फार जवळचा आणि फार लांबचा

हायडीजला वरची पद्धत जशीच्या तशी लावली तर निजगतीच्या आकृतीत घट्ट ठिपका येतच नाही. गुच्छ इतका जवळ आणि आभाळात इतका पसरलेला आहे की समांतर चालणारे तारेही आपल्याला वेगवेगळ्या दिशांनी जाताना दिसतात. लांबवर जाणारे रूळ जसे एका बिंदूत मिळाल्यासारखे वाटतात, तशा या ताऱ्यांच्या वाटा आभाळात एका अभिसरण बिंदूकडे झुकतात. लुईस बॉस यांनी १९०८ मध्ये तो हायडीजसाठी काढला. काक्षीच्या थोडं पूर्वेला तो येतो. इथे सदस्याची कसोटी वेगळी: ताऱ्याच्या निजगतीचा बाण त्या बिंदूकडे रोखलेला हवा आणि त्याची लांबी त्या बिंदूपासूनच्या कोनाशी आणि पराशयाशी जुळायला हवी. याहून सोपा मार्ग असा की ज्यांचा अरीय वेग माहीत आहे त्या ताऱ्यांचे अवकाशातले तिन्ही वेग काढायचे. हायडीजचा एकूण वेग सेकंदाला ४६ किलोमीटरच्या आसपास येतो. तिन्ही वेगांच्या आकृतीत विस्कटलेला गुच्छ पुन्हा एका ठिपक्यात गोळा होतो.

लांबच्या गुच्छांची अडचण उलटी. तिथे गुच्छाची निजगती लहान आणि पार्श्वभूमीचीही लहान, त्यामुळे ठिपका ढगातच बुडतो. अशा वेळी प्रत १७ पर्यंतचेच तारे घ्या, आभाळातली त्रिज्या लहान ठेवा आणि पराशयातली व्यवस्थात्मक चूक दुरुस्त करा. डीआर ३ चे पराशय ०.०२ ते ०.०४ मिलिविकलांनी कमी येतात. प्रेसिपीला त्याने काही होत नाही, तीन हजार पार्सेकवर मात्र अंतर दहाएक टक्क्यांनी हलतं. पराशयाच्या सूक्ष्म चुकांनी किती गोंधळ होतो याचं उदाहरण म्हणजे कृत्तिका. हिपार्कोस यानाने त्यांचं अंतर १२० पार्सेकच्या जवळ दिलं होतं आणि ते इतर पद्धतींशी जुळेना. गायाने ते १३५ च्या आसपास असल्याचं दाखवलं.

यंत्राकडे सोपवताना

पायथनच्या सायकिट-लर्न संग्रहात दोन गर्दी वेगळ्या करणारं गाउसीय मिश्रणाचं साधन आहे. सहाव्या पायरीतलं काम ते नीट करतं. पार्श्वभूमीचा ढग मात्र गाउसीय नसतो, त्याला लांब शेपट्या असतात, म्हणून आधी पराशयाची चाळणी लावून मगच ते चालवा. एचडीबीस्कॅन हे दुसरं लोकप्रिय साधन दाटीवरून गुच्छ शोधतं. त्याला माहिती देण्याआधी प्रत्येक अक्ष सारख्या मापात आणावा लागतो. निजगतीतलं एक मिलिविकला आणि आभाळातला एक अंश यांना ते तसंच समान धरेल आणि भलतंच काही शोधून देईल. ही साधनं गुच्छ नसलेल्या जागीही अधूनमधून गुच्छ दाखवतात, त्यामुळे शेजारच्या आभाळाची कसोटी इथे दुप्पट गरजेची.

स्वतःची परीक्षा

प्रेसिपी जमल्यावर कृत्तिका करा: विषुवांश ५६.७५, क्रांती +२४.१२, निजगती साधारण (+२०, −४५.५), पराशय ७.४ च्या जवळ. मग एम ६७: विषुवांश १३२.८५, क्रांती +११.८१, निजगती (−११, −२.९). तिथे ठिपका ढगाच्या काठावर येतो आणि खरी कसरत सुरू होते.

त्यानंतर कुंभ राशीतला एम ७३ घ्या. चार ताऱ्यांचा हा छोटा आकार मेसियरच्या यादीत आहे आणि तो विरळ गुच्छ आहे की योगायोग, यावर बराच काळ मतभेद होते. २००२ मध्ये वर्णपटांवरून त्याचा निकाल लागला आणि गायाने २०१८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या चार ताऱ्यांचे पराशय आणि निजगती उतरवून शेजारी-शेजारी लिहा आणि पाचव्या पायरीतला गुण काढा. तिथे गुच्छाला शोभेल असा कुठलाही पसारा गृहीत धरला तरी चौघं एका मर्यादेत बसत नाहीत.